दाराचं तोंड

आमच्या गावात ज्या ज्या घरी संडास आहे, तिथलं दार बहुतेक माझ्या सासऱ्यांनी केलेलं असतं. आबा सुतार आहेत आणि दार हा त्यांचा हातखंडा. पावसात फुगणार नाही, उन्हात तडकणार नाही, कडी एका बोटाने सरकेल आणि बाहेरून कुणी कितीही वाकून पाहिलं तरी फटीतून काही म्हणजे काही दिसणार नाही. दार बसवून झालं की ते स्वतः आत जातात, कडी लावतात, क्षणभर उभे राहतात आणि बाहेर येऊन म्हणतात, "घ्या, आता खुशाल बसा."

स्वतः मात्र ते त्यांतल्या एकाही दारामागे कधी बसले नव्हते. आमच्या घरच्याही नाही. रोज पहाटे टमरेल घेऊन ओढ्याकडच्या चढावर जायचं, हा त्यांचा लहानपणापासूनचा शिरस्ता.

घरी संडास बांधला तरी ते चढावरच जात राहिले, त्याचं मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. ज्याची त्याची सवय, म्हणून सोडून दिलं. मग खिट्टी झाली.

खिट्टी म्हणजे माझी मुलगी. तिला एक चांगलं नाव आहे, पण ते फक्त दवाखान्याच्या केसपेपरवर आणि मी रागावले की माझ्या तोंडात असतं. एरवी ती खिट्टी, कारण पाळण्यात असताना तिने एकदा आबांचं बोट धरलं ते सोडेचना. आबा म्हणाले, "ही तर दाराची खिट्टी आहे, बसली की बसली."

दात येण्याच्या सुमाराला तिला जुलाब सुरू झाले. सगळे म्हणाले, दातांमुळे होतंय. दात आले, पण जुलाब थांबले नाहीत. थोडे दिवस बरी असायची, अंगणभर रांगायची, जरा गाल भरायचे की पुन्हा तेच. मी पाणी उकळायचे. त्या पाण्यात वाटी-चमचा उकळायचे. मग वाटी पुसायचं फडकं उकळायचे. नवरा म्हणाला, "मलाही एकदा पातेल्यात घाल, म्हणजे तुझ्या मनासारखं होईल." मला हसू आलं नाही. त्याच आठवड्यात खिट्टीचे डोळे खोल गेले आणि तिला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. सुई टोचायला त्या एवढ्याशा हातात शीर सापडत नव्हती. ती रडत होती, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. ते कोरडं रडणं मी ऐकलंय, त्यामुळे पुढे मी जे काही केलं त्याबद्दल मला कुणी फार बोलू नये.

परत आल्यावर गावच्या दवाखान्यातल्या नर्सताई वजन करायला घरी आल्या. काटा पाहून त्यांनी ओठ मुडपले.

"घरात संडास आहे ना?"

"आहे की."

"सगळे जातात?"

मी खिट्टीचं झबलं सरळ करू लागले.

"कोण जात नाही?"

"सासरे."

"मग तुमच्याकडे अर्धाच संडास आहे," त्या म्हणाल्या. "हा माणूस घरात एकटाच बाहेर जातो, याचं सोडून देऊ, असं माशीला कळतं का? तो चढ, त्याखाली ओढा, ओढ्याशेजारी विहीर. जे तिथे पडतं ते चपलेला लागून घरी येतं, नाहीतर पाण्यातून येतं. मुलगी खेळते कुठे?"

"अंगणात. आबांच्या भुशात."

"तोंडात काय काय घालते?"

"काय घालत नाही ते विचारा."

त्या दिवसापासून माझ्यापुढे एकच काम होतं. आबांना त्यांनीच केलेल्या दाराआड बसवायचं.

आमचा संडास काही श्रीमंती थाटाचा नव्हता. एक साधं भांडं, वर पत्रा, मागे शेजारी शेजारी दोन खड्डे, त्यांना आतून जाळीसारख्या विटा. एक भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवायचं, तोवर पहिल्यातलं वाळून माती होतं. गवंड्याने असे कितीतरी बांधले होते, म्हणून तो बेताच्या पैशांत झाला. जागा मात्र मी निवडली होती. खिट्टी तेव्हा पोटात होती आणि मी आधीच सगळं पाहून ठेवलं होतं: मूल रांगत तिकडे जाईल, दार ओढून घेईल, आत अडकेल, नाहीतर त्याहून वाईट. म्हणून मी गवंड्याला सांगितलं, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच बांधा आणि दाराचं तोंड माझ्याकडे करा.

"मी सगळ्यांचं तसंच करतो वहिनी," तो म्हणाला. "तोंड घराकडे. पाणी न्यायला सोयीचं आणि अंधारात बायकांना भ्यायला नको."

आईंना, म्हणजे सासूबाईंना, तो संडास पहिल्या दिवसापासून आवडला. एकच गोष्ट त्यांना पटत नव्हती. खिट्टीची शी त्या गोठ्यामागे नेऊन टाकायच्या. "अगं, अंगावर पिणारं पोर, तिची कसली घाण. दूधच ते." नर्सताईंनी त्यांना बसवून समजावलं की बाळाची शी मोठ्यांच्या शीइतकीच वाईट, तीही भांड्यातच गेली पाहिजे. आईंना ते पटलं, आणि इतकं पटलं की आता त्या शेजारणींच्या मागे लागतात. परवा एकीला म्हणाल्या, "साबण लावलास का हाताला? वास दे बघू."

आबांकडे मात्र रोज नवीन कारण.

"आत कोंडल्यासारखं होतं." मी वर जाळी बसवून घेतली आणि उंच पाइप लावला.

"गुडघे धरतात, उठवत नाही." मी म्हटलं, आधाराला मूठ लावू. त्यांनी शिसवीची अशी सुरेख मूठ घडवली की धरून बसून राहावं. ती आईंच्या उपयोगाला आली.

"खड्डा भरेल उगाच." भरला तर दुसरा आहे, हे मी त्यांना काडीने जमिनीवर आखून दाखवलं. ते म्हणाले, "माझ्या वाटणीचा राहू दे, पोरीला होईल," जणू काही मी त्यांचं शेत विकायला काढलं होतं.

"तिकडे चार शब्द बोलणं होतं." इथे माझा इलाज खुंटला. त्यांच्याबरोबर पोस्टमनकाका आणि गिरणीवाले काका असत. पोस्टमनकाका नोकरीतून निवृत्त झाले होते, पण गावाच्या बातम्या वाटायचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. तिघं झुडपांच्या तीन बाजूंना बसत आणि एकमेकांना न पाहता जगाचा विचार करत.

अशातच शाळेच्या व्हरांड्यात स्वच्छता समितीची बैठक झाली. अध्यक्ष मास्तरीणबाई, आणि मी शिकलेली म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. घरोघरी संडास झाले, तरी चढावर माणसं जातातच कशी, हा प्रश्न होता. मास्तरीणबाईंनी पिशवीतून शिट्ट्या काढल्या.

"पहाटे जायचं. कुणी बसलेला दिसला की शिट्टी वाजवायची. लाज वाटल्याशिवाय माणूस सुधारत नाही."

"पण बाई, म्हातारी माणसं आहेत," मी म्हणाले.

"म्हाताऱ्यांना लाज नसते का?"

असते, हे पुढे कळलं. पण मला सुई टोचलेला तो हात आठवला आणि मी शिट्टी घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही बायका शाली गुंडाळून चढाखाली उभ्या राहिलो. धुकं होतं. बाईंनी शिट्टी फुंकली आणि झुडपांमागून एकापाठोपाठ एक डोकी वर आली. आधी टोपी, ती पोस्टमनकाकांची. मग पिठाने कायमचं पांढरं झालेलं डोकं, ते गिरणीवाल्यांचं. आणि मग तपकिरी मफलर. तो मीच विणला होता.

आबांनी मला पाहिलं. मी आबांना पाहिलं. मग आम्ही दोघांनी एकदमच आभाळाकडे पाहिलं. तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"धन्यवाद, पुन्हा असं करू नका," बाई म्हणाल्या, वर्गात म्हणतात तशा.

घरी आल्यावर आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नेहमीसारखे रंधा घेऊन बसले, खिट्टीला लाकडाची कुरळी वेटोळी कानात घालून दाखवली, ती खिदळली, आणि मी चहा दिला तेव्हा त्यांनी कपाकडे बघत "ठेव" म्हटलं. रात्री त्यांनी अर्धाच भात घेतला.

"पोट जड आहे," ते म्हणाले.

"पोट नाही जड," आई मला आत येऊन म्हणाल्या. "सकाळी जायला लागू नये म्हणून जेवत नाहीत. माणसाचं असं करतात का गं?"

थोड्याच दिवसांत चढ मोकळा दिसू लागला. समितीने स्वतःचं अभिनंदन केलं, शाळेच्या भिंतीवर एक फळाही रंगवला. खरं काय झालं ते मला ठाऊक होतं. तिघं आता ओढा ओलांडून पलीकडे, विहिरीच्या वरच्या अंगाला जात होते, आणि तेही इतक्या लवकर की शिट्टीवाल्या अजून पांघरुणात असत. आणि एका सकाळी खिट्टीचं दुपटं पुन्हा पातळ शीने भरलं. या वेळी मीठ-साखरेच्या पाण्यावर भागलं. मी तिला मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजत बसले होते. आबा दारात आले, तिच्याकडे पाहिलं आणि परत गेले.

त्यांना नातीची काळजी नव्हती असं म्हणवत नव्हतं. मग अडत होतं कुठे?

ते मला गवंड्यामुळे कळलं. म्हणजे त्याने काही सांगितलं नाही. तो फक्त बसला होता.

स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीचा गिलावा पडला होता, तो करायला गवंडी आपली दोन माणसं घेऊन सकाळीच आला. आई आणि नवरा डेअरीवर दूध घालायला गेले होते, आबा कुणाकडे चौकट बसवायला. घरात मी आणि खिट्टी. थोड्या वेळाने मला जायची गरज वाटली. मी बादली उचलली, अंगणाच्या दारापर्यंत गेले आणि थांबले. गवंडी आणि त्याची माणसं माल कालवत होती. त्यांच्या समोर, नाकासमोर, संडासाचं दार.

मी बादली खाली ठेवली. कामाला लागतील, मग जाऊ.

ते कामाला लागले, पण एकाने तोंड भिंतीकडे केलं की दुसरा पाणी आणायला अंगणातून जायचा. मी पुन्हा बाहेर आले. आता काहीतरी करायला हवं म्हणून दोरीवरचे कपडे काढू लागले.

"वहिनी, काही हवंय का?" गवंड्याने विचारलं.

"नाही, कपडे काढतेय."

"ओले दिसतायत."

"हो, आत वाळवते."

ओले कपडे घेऊन मी आत आले. जेवायच्या वेळेला सुटका होईल असं वाटलं, तर ते तिघं माझ्याच भिंतीला पाठ टेकून डबे उघडून बसले. समोर बघायला अंगणात दुसरं होतं काय? ते भले लोक होते, त्यांच्या मनातही काही नसेल. पण मी बादली घेऊन त्या दारात शिरणार, कडी लागणार, मग ते तिघं जेवणार आणि मी आत, आणि मग मी बाहेर येणार, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि माझे पाय हलेनात. मी बी.ए. झालेली बाई. शिट्टी वाजवायला गेलेली बाई.

शेवटी खिट्टीला काखेत मारलं आणि शेजारच्या काकूंकडे धावले. त्यांच्या संडासाचं दार त्यांच्या ओट्यासमोर. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"आलीस? जा जा. पोरगी ठेव इथे. पोट बिघडलंय का?"

"नाही, काकू."

"मग गवंडी आहे होय," म्हणून त्या हसल्या, आणि मी आत असेपर्यंत त्यांचा सुपाचा आवाज थांबला होता. ऐकत होत्या की काय कोण जाणे. बाहेर आले तर म्हणाल्या, "झालं लवकर."

घरी येऊन मी खिडकीपाशी उभी राहिले. रोज उभी राहते तिथेच. खिडकीच्या चौकटीत अगदी मधोमध ते दार, फोटो लावल्यासारखं. पहाटे उठून दूध तापवते ते इथेच. पाणी उकळते ते इथेच. आई कधी जातात, किती वेळ लागतो, नवरा मोबाइल घेऊन गेला की नाही, सगळं मला ठाऊक असायचं. काळजीपोटीच, दुसरं काही नाही. एकदा तर मी नवऱ्याला म्हणाले होते, "आज दोनदा गेलात, पोट बरं आहे ना?" आबा तिथेच चहा पीत होते.

आबांनी जायचं तर या खिडकीसमोरून. हातात टमरेल घेऊन, सुनेच्या देखत. आणि परत यायचं तेही तिच्याच देखत, आणि मनात धास्ती की ही आता तब्येत विचारते की काय. खिडकी कसली, तपासनाकाच तो.

आणि मग मला एकेक घर आठवू लागलं. गवंडी सगळ्यांचं तसंच करतो. पोस्टमनकाकांच्या घरी दाराचं तोंड त्यांच्या सुनेच्या चुलीकडे. गिरणीवाल्यांच्या घरी दोन सुना.

संध्याकाळी मी आईंना गाठलं. "आई, आबा माझ्यामुळे जात नाहीत का?"

त्या लसूण सोलत राहिल्या. "मी कुठे काय म्हणाले."

"पण तुम्हाला माहीत होतं."

"अगं, सांगायची तरी कशी अशी गोष्ट? सासरा सुनेला लाजतो म्हणून? इतकी वर्षं झाली लग्नाला, माझ्यासमोरसुद्धा टमरेल पाठीमागे लपवून जातात. मी म्हणते, मला काय ते फुलदाणी वाटणार आहे का?"

नवऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग खिडकीला पडदा लाव."

"पडद्यामागे मी आहे हे त्यांना कळणार नाही का? पडदा हलला तरी त्यांचं पोट आवळेल."

"मग?"

"दार फिरवायचं. कुंपणाच्या बाजूला."

"तिकडे? मग तुला दिसणार नाही."

"माहीत आहे."

"आणि खिट्टी तिकडे गेली तर?"

हा प्रश्न मी त्याच्या आधीपासून स्वतःला विचारत होते.

दुसऱ्या दिवशी आबा फळी तासत बसले होते. खिट्टी भुशात लोळत होती. मी सूप घेऊन उगाच जवळ बसले.

"आबा, संडासाचं दार फिरवून घ्यावं म्हणतेय."

रंधा चालूच राहिला. "का, काय झालं दाराला?"

"वारा."

"वारा?"

"या अंगाने फार वारा येतो. दार आपटतं."

"माझं दार आपटत नाही."

चुकलंच माझं. "दार नाही हो आपटत. दार उत्तम आहे. वारा आत शिरतो, असं म्हणायचं होतं. गार. आईंना बाधतो."

आतून आई खोकल्या. हे काही आमचं ठरलेलं नव्हतं.

"कुठल्या अंगाला म्हणतेस?"

"कुंपणाकडे."

आता रंधा थांबला. "तिकडे तुला दिसायचं नाही," आबा म्हणाले आणि घाईघाईने पुढे म्हणाले, "म्हणजे पोरगी गेली तर."

"नाही दिसणार," मी म्हणाले.

आबांनी फळीवर फुंकर मारली. एक डोळा मिटून तिची धार पाहिली. "बाहेरून वर एक कडी लावू. अगदी वर. ती शाळेत जाईपर्यंत तरी तिचा हात पोचायचा नाही."

"हो."

"आणि पाण्याचं पिंप आतच ठेवावं. जो तो टमरेल मिरवत अंगणातून जातो, बरं दिसत नाही." मग रंधा पुन्हा धरत, "तुझ्या आईंना बरं पडेल."

"आईंना बरं पडेल," मी म्हणाले.

"वाऱ्याचाही त्रास नाही मग."

"नाही."

गवंड्याला पुन्हा बोलावलं. त्याने कुंपणाकडची भिंत फोडली, जुन्या दाराची जागा विटांनी बुजवली. काम करताना कुरकुरत होता. "माझ्या हाताखालून इतके संडास गेले, घराकडे पाठ कुणाची केली नाही. लोक विचारतील, रुसलाय का म्हणून."

"वारा आहे," आबा बिजागरीचा खिळा तोंडात धरून म्हणाले.

दार बसलं. आबांनी ते उघडलं, लावलं, आत जाऊन कडी घातली. नेहमी क्षणभर उभे राहतात, त्या वेळी जरा जास्त वेळ लागला. बाहेर आले आणि "घ्या, आता खुशाल बसा" म्हणालेच नाहीत, हत्यारं गोळा करून गेले.

आणि मग मी अडकले. खिडकीतून आता फक्त एक भिंत दिसत होती, चुन्याने पांढरी केलेली, बघण्यासारखं काही नसलेली. आबा गेले की नाही? कळायला मार्ग नव्हता. त्यांनी जावं म्हणून मीच माझे डोळे बांधून घेतले होते, आणि गेले का ते बघायला डोळेच नव्हते. पिंपातलं पाणी कमी व्हायचं, पण ते कुणी घेतलं हे पिंप सांगत नाही. चपलांना चिखल नसायचा, पण पाऊसच नव्हता. खिट्टीच्या पाठीचे मणके दिसेनासे झाले होते, मांड्यांना वळ्या पडू लागल्या होत्या, पण मधेमधे ती अशी आधीही सुधारली होती. एका रात्री आबांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मी टक लावून पाहत राहिले. मग माझ्याच लक्षात आलं आणि मी स्वतःच्या ताटात पाहिलं.

"तुम्हाला काय वाटतं?" मी नवऱ्याला विचारलं.

"मला वाटतं, तू त्या भिंतीकडे बघणं सोड. भिंतीलासुद्धा संकोच होत असेल."

मी शेगडी उचलली आणि समोरच्या भिंतीला नेऊन ठेवली. आता दूध तापवताना खिडकी पाठीशी येऊ लागली. पहिले काही दिवस मान आपोआप मागे वळायची. मग एका सकाळी साय वर येताना मी फक्त सायीकडे बघतेय, हे मला दूध उतरवल्यावर कळलं.

अशाच एका सकाळी अंगणाच्या मागच्या फाटकाची कडी वाजली. मी पाठमोरीच होते, पण आवाज पोस्टमनकाकांचा.

"काय सुतार, हल्ली दिसत नाहीस. आजारी आहेस का?"

"नाही बाबा." आबा अंगणात करवतीला धार लावत होते, तो आवाज थांबला.

"मग चल की. गिरणीवाला पुढे गेला."

"तू हो पुढे. माझं झालं."

"झालं? इतक्यात? कुठल्या वाटेने गेलास, आम्हाला दिसला नाहीस तो?"

मी हातातली पळी हवेत धरून उभी होते.

"घरीच," आबा म्हणाले.

पोस्टमनकाकांना हे पचायला वेळ लागला. "म्हणजे पत्ता बदललास म्हण." मग त्यांचा आवाज खाली आला, पण टपाल वाटताना हाका मारून मारून मोठा झालेला आवाज, तो किती खाली येणार. "अरे पण तुझी सूनबाई असते ना समोर?"

"ये, दाखवतो."

दोघांची पावलं कुंपणाच्या बाजूला गेली. वरची कडी निघाली. पोस्टमनकाका आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मग आतली कडी लागली. मला वाटलं, आबा आता परत येतील. ते आले नाहीत. दाराबाहेरच त्यांनी काहीतरी ओढून घेतलं आणि बसले.

"पिंप कुठे आहे?" आतून आवाज आला.

"डाव्या हाताला. मूठ उजवीकडे, उठताना धर."

"मूठ झकास आहे रे. आमच्याकडे का नाही लावलीस?"

"तू कधी वापरणार होतास?"

"तेही खरंच." पिंपावर टमरेल वाजलं. "ऐकलंस का, पलीकडच्या गावातल्या बँकेच्या कारकुनाची बदली झाली."

"छे. तो तर नवीनच आलेला."

मग त्या कारकुनाची, त्याच्या बायकोची, नव्या रस्त्याची आणि यंदाच्या पिकाची सगळी चर्चा दाराच्या आतून बाहेर आणि बाहेरून आत अशी रंगली. मध्येच पोस्टमनकाका म्हणाले, "मापं कधी घेतोस?"

"तुमच्यात चूल कुठल्या बाजूला?"

"विहिरीकडे."

"मग तोंड गोठ्याकडे करू. उद्या येतो."

"पण सूनबाईला सांगू काय? धडधाकट दार फोडतोय म्हटल्यावर विचारणारच ती."

"वारा सांग," आबा म्हणाले.

खिट्टी उठून डोळे चोळत माझ्या पायांशी आली होती. मला एकदम सुचलं, पोस्टमनकाका बाहेर पडणार ते अंगणातूनच, म्हणजे माझ्यासमोरूनच. मी शेगडी बंद केली, तिला कडेवर घेतलं आणि पुढच्या दाराने जाऊन रस्त्यावर उभी राहिले, त्यांचं आटपेपर्यंत. बराच वेळ लागला. दोघांचं बोलणंच संपत नव्हतं.